नवऱ्यामुलाचा चेहरा

नागासे गाव, मोगामी नदीकाठ
३ एप्रिल १९७६

ती. तोयोवन्संना,

फुसाएचा नमस्कार. आमच्याकडे बर्फ उतरलं, पण उत्तरेच्या ओसरीखाली अजून ढीग आहे. तुमच्या समुद्राकडे वसंत लवकर येतो म्हणतात, तेव्हा तुमची कंबर आता धरत नसेल. फोन केला असता, पण आमच्या गावची तार एकच. एकानं उचलला की दहा घरं कान लावतात, आणि हे दहा घरांचं काम नाही.

चिएमीला जाऊन दोन वर्षं झाली. असती तर या महिन्यात पंचविसावं लागलं असतं. शेजारच्या बाईंनी मुलीचं लग्न ठरलं म्हणून लाल भात वाटला. मी डबा घेतला, आनंद झाला म्हटलं, आणि घरात येऊन तो भात कोंबड्यांना घातला. माझं मन असं झालं आहे.

वन्सं, तिचं लग्न लावायचं आहे. लग्नावाचून गेलेल्या कितीतरी मुलामुलींची लग्नं तुम्ही रंगवलीत, त्यांच्या आईबापांनी ती चित्रं देवळात लावली. तुमच्याच भावाच्या मुलीचं राहिलं. तुमचा भाऊ जिवंत असता तर त्यानं हे तुमच्याशी कधीच बोलून ठेवलं असतं.

सोबत चिएमीचा फोटो आहे. नवऱ्यामुलाचाही पाठवते. माझा मामेभाऊ, लढाईत गेला, त्याचंही लग्न राहिलेलं. चेहरा अगदी असाच हवा. नाव मी देवळात माझ्या हातानं लिहीन, तुम्ही फक्त जागा सोडा.

फुसाए


त्सुरुओका
११ एप्रिल १९७६

फुसाए,

कंबर धरते. चौकशी पुरे.

पत्र दोनदा वाचलं. दोन वर्षांत तुझं एक पत्र असं आलं नाही ज्यात सेइजीचं नाव नव्हतं. सेइजी दारू पिऊन गाडी चालवत होता. सेइजीनं गाडी नदीत घातली, चिएमीला आत सोडून स्वतः पोहून काठाला लागला, आणि पोलिसांना म्हणाला की गाडी चिएमी चालवत होती. चेरीच्या बागा त्याच्या बापाच्या, चेरी भरायच्या छपरीत अर्धं गाव कामाला, म्हणून तसंच लिहून घेतलं गेलं. मला हे पाठ आहे. या पत्रात त्याचं नाव नाही. तेव्हा विचारते: राग निवला, की नुसता बाजूला ठेवलास?

आता कामाचं. मी तीस वर्षं ही चित्रं काढते. नियम दोनच आहेत. नवरा किंवा नवरी मनानं काढायची, जिवंत माणसाचा चेहरा घ्यायचा नाही. आणि जिवंत माणसाचं नाव लिहायचं नाही. घेतलं, तर मेलेलं माणूस आपल्या जोडीदाराला न्यायला येतं. मला हे काम शिकवणाऱ्या म्हातारीनं एकदा आळसानं दारावर येणाऱ्या कापडवाल्याचा चेहरा वापरला. चांगला धडधाकट माणूस, महिन्याच्या आत गेला. त्यानंतर तिनं कुंचला धरला नाही.

तुझ्या मामेभावाचा फोटो तीस वर्षांपूर्वीचा असून कागद पिवळा पडलेला नाही. जपून ठेवला असशील. कडाही कापल्या आहेस, कपडे दिसत नाहीत.

हा माणूस मेलेला आहे का, एवढं लिही. होय किंवा नाही. लांबण लावू नकोस, तुझं अक्षर आधीच कोंबडीनं उकरल्यासारखं असतं.

तोयो


नागासे
१६ एप्रिल १९७६

वन्सं,

तुम्ही शाळा सोडलीत, पण शाळेनं तुम्हाला सोडलं नाही.

होय. मेलेला आहे. लिहून दिलं.

फुसाए


त्सुरुओका
२९ मे १९७६

फुसाए,

चित्र आज रेल्वेनं पाठवलं. लाकडी चौकटीत आहे, उभंच धर, आडवं करू नकोस.

दोघं सोनेरी पडद्यापुढे बसली आहेत. चिएमीला पांढरा विवाहवेश दिला आहे, डोक्यावर पांढरी टोपी. माझ्या आईच्या वेशावर सारस होते, तेच भरले. तुला आठवत असतील तर बघ, पंखांची टोकं काळी आहेत. नवऱ्यामुलाच्या अंगावर घराण्याचं चिन्ह असलेला काळा झगा. चिन्हाच्या जागी नुसतं पांढरं वर्तुळ ठेवलं आहे. नावाची पट्टी कोरी आहे.

एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे नंतर माझ्या नावानं बोटं मोडायला नकोत. चिएमीचं तोंड मी हसरं काढलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मिटलेलं होतं. पुन्हा हसरं केलं, पुन्हा मिटलं. पावसाची हवा असली की शिंपल्याचा पांढरा रंग ओढला जातो, तसं झालं असेल. तिसऱ्यांदा मी हात लावला नाही.

तोयो


नागासे
५ जुलै १९७६

ती. वन्संना,

हे पत्र बसून लिहीत नाही, चुलीपाशी उभी राहून लिहिते आहे. सकाळपासून बूड टेकलेलं नाही.

चित्र नऊ जूनला देवळात लावलं. कोऱ्या पट्टीवर नाव लिहिलं, भिक्षूंनी मंत्र म्हटले, मी घरी आले. तेव्हा चेरीची तोडणी ऐन भरात होती. मी छपरीत पेट्या भरायला जात होते, कारण तिथं सगळं कळतं.

आठवड्याभरातच बायका बोलायला लागल्या की मालकांच्या मुलाचं काहीतरी बिनसलं आहे. तो सकाळी उठतो तेव्हा त्याच्या झोपायच्या झग्याचा उजवा पदर वर असतो, मेलेल्याला नेसवतात तसा. आईनं स्वतःच्या हातानं नीट करून गाठ मारली, तरी सकाळी उलटाच. मग तो सांगायला लागला की कुणीतरी समोर बसून त्याची कॉलर सारखी करतं आणि त्या बोटांना नदीचा वास येतो. डॉक्टरांनी उन्हाचा त्रास म्हटलं. बायका हसल्या, म्हणाल्या, मालकांच्या पोराला ऊन कधी लागलं? मी त्यांच्याबरोबर हसले.

एक जुलैला दुपारी तो पाहुण्यांच्या खोलीत सापडला. बापाचा लग्नातला काळा झगा घालून, पाय दुमडून, ताठ बसलेला. शेजारी एक रिकामी उशी मांडलेली. डोळे उघडे होते. बाहेर कडक ऊन, आणि झगा कमरेपर्यंत ओला.

वन्सं, मी तुम्हाला खोटं लिहिलं. मामेभाऊ वगैरे कुणी नव्हता. फोटो सेइजीचा, नाव त्याचं. तुम्हाला फसवलं त्याची माफी मागते. त्याची माफी मागत नाही. त्याच्या आईनं दोन वर्षांपूर्वी माझ्या दारात चेरीची पेटी ठेवली होती, वर लिहिलं होतं, "झालं ते झालं." काल मी तिच्या दारात तशीच पेटी ठेवून आले.

दोन वर्षांनी पोटभर भात जेवले. पण झोप नाही. हातपाय सारखे चालूच राहतात.

फुसाए


त्सुरुओका
१० जुलै १९७६

फुसाए,

पत्र मिळालं. रागावण्यात मी वेळ घालवत नाही.

पुढच्या महिन्यात पितरांचे दिवस येतात. चिएमी घरी येईल. तिच्याकडे नीट बघ, आणि ती कशी आहे ते मला लगेच कळव. तू कशी आहेस ते नको.

तोयो


नागासे
१७ ऑगस्ट १९७६

वन्सं,

तुम्ही असं का लिहिलंत ते तेव्हा कळलं नाही.

तेरा तारखेला दरवर्षीसारखं सगळं केलं. तिला यायला काकडीचा घोडा, परतायला वांग्याची गाय, तिच्यासाठी एक ताट. दिवस मावळायच्या आधीच फाटकाशी काडक्या पेटवल्या, म्हणजे तिला वाट दिसावी. धूर सरळ वर गेला, आणि मग कुणीतरी मधून चालत गेल्यासारखा दोन ठिकाणी तुटला.

ओसरीवर ओली पावलं उमटली. तिची मला ओळखता येतात, डाव्या पायाची करंगळी टेकत नाही. तिच्या पाठोपाठ बुटांची. बूट न काढता, वन्सं. आत, चटईवर.

ताट मी देव्हाऱ्यापुढे मांडलं होतं. ते आपोआप सरकत खोलीतल्या मानाच्या जागी गेलं, जावई पहिल्यांदा सासुरवाडीला आला की जिथं बसतो तिथं. भात संपला. चिएमीनं काही खाल्लं नाही. लहानपणी तुमच्या भावाचा आवाज चढला की ती गाद्यांच्या कपाटात जाऊन बसायची, आठवतं? त्या कपाटाचं दार सरकलं आणि आतून लागलं. त्या दाराला आतून कडी नाही.

चार दिवस ती आत होती. तो बाहेर, मानाच्या जागी. घरभर नदीचा वास, आणि भर दुपारी कुणीतरी बोटानं ते दार वाजवतंय, हळूहळू, घाई नसल्यासारखं. मी स्वयंपाकघरातून बाहेर अन् बाहेरून स्वयंपाकघरात, अशी चार दिवस चालत राहिले. सोळा तारखेला निरोपाच्या काडक्या पेटवायच्या आधी मी कपाटापाशी गुडघे टेकले आणि म्हटलं, बाळ, त्याला शिक्षा केली ना मी. आतून तिचा आवाज आला. मोठा नाही, दमलेला.

"आई, इथं तरी तो नव्हता. तू का आणलंस त्याला?"

मग पावलं फाटकाकडे गेली. पुढे तिची, मागे बुटांची.

मरून ती त्याच्यापासून सुटली होती. मी तिचं त्याच्याशी लग्न लावून दिलं. वन्सं, चित्र जाळून टाकू का? काय करू ते सांगा.

फुसाए


त्सुरुओका
२२ ऑगस्ट १९७६

फुसाए,

जाळू नकोस. मी भिक्षूंना विचारलं. चित्र जळलं तरी लग्न मोडत नाही. तिला घर उरणार नाही, आणि तो मात्र मोकळा राहील.

आता माझं ऐक. तू मला फसवलं नाहीस. चिएमीच्या अंत्यविधीच्या दिवशी तो फाटकाबाहेर छत्री धरून उभा होता. मी जन्मभर चित्रकला शिकवली, चेहरे विसरत नाही. डावी भुवई मधोमध तुटलेली. तुझं पाकीट उघडलं त्याच क्षणी मी त्याला ओळखलं.

फोटो दोन दिवस टेबलावर उपडा ठेवला. तिसऱ्या दिवशी सुलटा केला. मेलेला आहे का, असं तुला विचारलं ते उत्तर हवं म्हणून नाही. तुझ्या हातचा कागद मला स्वतःला दाखवायला हवा होता. चिएमी माझ्याकडे सुट्टीला यायची, रंगाच्या वाट्या धुऊन ठेवायची. तो माणूस मेला तर मला चालणार होतं. तिचं मिटलेलं तोंड पाहूनही मी चित्र चौकटीत घातलं. ती दोनदा नाही म्हणाली आणि मी हवेला दोष दिला.

उद्या देवळात जाते. रंग बरोबर नेते. त्याचा चेहरा पुसून बघते.

तोयो


त्सुरुओका
२७ सप्टेंबर १९७६

फुसाए,

तीनदा पुसला. पहिल्यांदा पांढरा थर दिला, दुसऱ्यांदा काळा, तिसऱ्यांदा सोन्याचा वर्ख. प्रत्येक वेळी दहा दिवसांत भुवई आधी वर येते, मग बाकीचा चेहरा. नाव खरवडलं, तर लाकडात आतपर्यंत उतरलेलं आहे.

आणखी एक. मी दोघांच्या मधे एका माणसाची जागा सोडली होती. ती आता निम्मी उरली आहे. त्याची उशी सरकते आहे. भिक्षू म्हणाले, हिवाळ्यापर्यंत भिडेल.

तोयो


नागासे
४ ऑक्टोबर १९७६

ती. वन्संना,

दोघांच्या मधे मला काढा. माझाच चेहरा, माझंच नाव, जिवंत आहे तोवर. तुमचे नियम खरे आहेत हे तर आपण दोघींनी पाहिलं. मी तिथं जाईन आणि तिला हाताला धरून कडेला घेईन.

नाही म्हणू नका. नाही म्हणायची संधी तुम्हाला एप्रिलमध्ये होती, तेव्हा तुम्ही चित्र काढलंत. आता हेही काढा. सोबत फोटो पाठवते. कडा कापलेल्या नाहीत.

फुसाए


त्सुरुओका
३० ऑक्टोबर १९७६

फुसाए,

टोमणा योग्य होता. पण तुझी योजना अडाणीपणाची आहे.

मुलीची आई जावयाला काही बोलू शकते का? तू तिथं जाशील आणि पाठीच्या कण्यापर्यंत मुरलेल्या सवयीनं त्याच्यापुढे वाकशील. तो तुला चहा आणायला सांगेल आणि तू आणशील. चार दिवस तो तुझ्या घरात बूट घालून बसला होता. तू एकदा तरी त्याला बाहेर हो म्हणालीस का? तुझ्या पत्रात तसं कुठं नाही.

आपल्याकडे संसार मोडला तर नवऱ्यासमोर कोण जाऊन बसतं? मध्यस्थ. ज्यानं लग्न जुळवलं त्यालाच ते सोडवायचा हक्क, आणि मुलीला माहेरी आणायची जबाबदारीही त्याचीच. हे लग्न तू ठरवलंस, पण दोघांना एका पडद्यापुढे शेजारी बसवलं मी. मध्यस्थ मी आहे. रीतीनं मध्यस्थ कडेला बसतो. मी मधे बसणार, कारण जागा तेवढीच उरली आहे.

चित्र परवा पुरं केलं. आरशात बघून काढलं आहे, सुरकुत्यांसकट. नाव माझ्याच हातानं लिहिलं. तुझं पत्र येईपर्यंत थांबायला हवं होतं, असं तू म्हणशील. तू तार केली असतीस, म्हणून थांबले नाही.

मला माहेर नाही, सासर नाही, मागे रडणारं कुणी नाही, त्यामुळे हे मला सोपं आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. मला अजून पुष्कळ वर्षं जगायचं होतं. कंबरेसाठी नवीन औषध चालू केलं होतं आणि त्याचा गुण येत होता.

आज सकाळी उठले तेव्हा झग्याचा उजवा पदर वर होता. कॉलर इतकी नीट बसली होती की मला कधी जमली नाही. चिएमीचा हात आहे, मी ओळखला. ती मला न्यायला येते आहे याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तिला आता एक माणूस आपल्या बाजूचं मिळेल. जरा भीती वाटते. एवढं लिहून थांबते, भीतीवर पानं भरायची मला सवय नाही.

नीट जेव. चालत राहू नकोस, बस.

तोयो


नागासे
१२ डिसेंबर १९७६

ती. वन्संना,

तुमचं पत्र दोन नोव्हेंबरला मिळालं. त्याच दिवशीच्या गाडीनं निघाले. पोचले तेव्हा तुमच्या घरमालकीणबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, काल दुपारी, टेबलाशी, पाय दुमडून, ताठ. मास्तरीणबाई बसल्या होत्या तशाच गेल्या, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, जणू मला बरं वाटावं म्हणून. अस्थी तुमच्या भावाशेजारी ठेवल्या आहेत.

मग देवळात गेले. भिक्षू सांगतात, तुम्ही स्वतःला समोर तोंड करून काढलं होतंत. कपाळावरच्या आठ्या पाहून त्यांना हसू आलं होतं. आता चित्रात तुमचं तोंड नाही. तुम्ही त्याच्याकडे वळून बसला आहात. आमच्याकडे तुमची पाठ आहे, चिएमीकडेही पाठ आहे. तुमच्या खांद्याआडून त्याचा एक डोळा आणि ती तुटकी भुवई दिसते. त्याची उशी जिथं होती तिथंच थांबली आहे. तुम्ही तिला माहेरी आणून सोडणार होतात. तसं झालेलं नाही. तो उठत नाही, म्हणून तुम्हालाही उठता येत नाही, एवढंच मला समजतं.

पण चिएमीची मान वर आहे. हसत नाही, तरी तोंड मिटलेलंही नाही; काहीतरी बोलायला लागल्यासारखं आहे. घरातला नदीचा वास गेला. कपाटाचं दार सरकतं. मी गाद्या काढून उन्हात घातल्या.

मला तुमच्याशी बोलायचं होतं. फार बोलायचं होतं. चित्रापुढे बसून मी "वन्सं" म्हणून हाक मारली, तशी भिक्षूंनी मागून माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हातारा माणूस, असा कधी वागला नसेल. त्यांनी मला बाहेर नेलं आणि सांगितलं, त्यांना हाक मारू नका. त्या मागं वळल्या, तर तो तेवढ्यात उठेल.

म्हणून मी दर आठवड्याला जाते आणि गप्प बसते. माफी नाही, आभार नाही, थंडी आहे हेही नाही. सेइजीची आईही येते. तिला ते चित्र कुणी दाखवलं माहीत नाही. ती एका टोकाला, मी एका टोकाला. दोघींना एकच डोळा दिसतो. ती त्याला हाक मारत नाही, कारण तिलाही भिक्षूंनी काहीतरी सांगितलं असावं. किंवा तिला नुसतं बघूनच कळलं असेल. मागच्या खेपेला उठताना तिचा पाय मुडपला तेव्हा मी हात दिला. तिनं घेतला.

हे पत्र पेटीत टाकणार नाही, देवळात नेणार नाही, जाळणारही नाही, कारण जाळलेलं तुमच्याकडे पोचतं. लिहून, घडी घालून, गाद्यांच्या कपाटात ठेवते आहे.

वन्सं, वळू नका.

फुसाए